बाराव्या दिवशी दिलेलं पोर

कळंबच्या जन्मनोंदीच्या वहीत साळुबाईच्या नावापुढं दोनच लेकरं आहेत, थोरला सुनील आणि धाकटी आशा. मधलं एक पोर त्याच वहीत आहे, पण त्याच्या आईच्या रकान्यात हौसाबाईचं नाव आहे. हौसाबाई ही साळुबाईची मोठी जाऊ. पोराचं नाव गोरख. गावातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं, पण एवढ्या वर्षांत साळुबाईच्या तोंडावर ते कुणी बोललं नाही, आणि साळुबाई तर कुणापाशीच बोलली नाही.

झालं होतं असं. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी हौसाबाईची कूस उजवली नव्हती. नवस झाले, झाडपाला झाला, पुण्याचा डॉक्टरही झाला. तिच्या नवऱ्याला, चांगदेवाला, दुसरी बायको करून द्यायचं घाटायला लागलं. नेमकी तेव्हाच धाकट्या गेणभाऊची बायको साळुबाई दुसऱ्यांदा गरोदर राहिली. सुनील तेव्हा चार वर्षांचा. एक दिवस सासूनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "हे व्हईल ते थोरलीच्या ओटीत घालायचं. पोरगा हू दे न्हाईतर पोरगी. तू तरणी हायस, तुला आणखी व्हतील."

साळुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. गेणभाऊ पायातला काटा काढत बसला होता. त्यानं मान वर केलीच नाही.

पोरगा झाला. बाराव्या दिवशी बारशाला हौसाबाई नवी साडी नेसून पाटावर बसली आणि साळुबाईनं सगळ्यांच्या देखत पोर तिच्या ओटीत घातलं. दुसऱ्या दिवशी हौसाबाई तिला भैरवनाथाच्या देवळात घेऊन गेली. पायरीवर हात ठेवायला लावला आणि म्हणाली, "साळू, ह्याला कधी सांगायचं न्हाई. मी मरूस्तवर न्हाई." साळुबाईनं हात ठेवला. तेवीस वर्षांची होती ती.

दूध मात्र तिचंच होतं. हौसाबाई पोराला घेऊन यायची, समोर बसून राहायची आणि त्याचं पोट भरलं की हात पुढं करायची. हौसाबाई काही वाईट बाई नव्हती. तिला भीती वाटायची, आणि ती भीती तिच्या हातात दिसायची. दीड वर्षानं साळुबाईला महिनाभर माहेरी, जुन्नरकडं धाडून दिलं, पोराचं दूध तुटावं म्हणून. ती परत आली तेव्हा गोरख दारातच खेळत होता. तिनं हात पसरले. त्यानं तिच्याकडं टक लावून पाहिलं आणि पळत जाऊन हौसाबाईचा पदर धरला.

पुढं भावांच्या वाटण्या झाल्या. एका घराची दोन घरं झाली, अंगण तेवढं सामाईक राहिलं. गोरख समोरच्या दारात वाढला. सुनील आणि आशा तिला "आई, तू" म्हणायचे. गोरख "काकी, तुमी" म्हणायचा. दिवाळीला पाया पडायचा, जत्रेतून काही आणलं तर नेऊन द्यायचा. एकदा ओढ्यावर तो पडला आणि त्याचं डोकं फुटलं. साळुबाई कपडे तिथंच टाकून धावली, आणि अर्ध्या वाटेवर थांबली, कारण पलीकडून हौसाबाई धावत येत होती. अशी किती वेळा थांबली असेल, ते तिचं तिला ठाऊक.

गेणभाऊ गेला. बारा वर्षांपूर्वी चांगदेव, ज्याला घरातली सगळी पोरं दादा म्हणायची, तो गेला. दोन वर्षांपूर्वी हौसाबाईही गेली. गोरखनं डोकं भादरलं, पाणी दिलं, दहाव्याला नदीवर कावळा शिवेना तेव्हा हात जोडून रडला. साळुबाई बायकांच्या घोळक्यात जावेच्या नात्यानं बसली होती. तिच्या मनात आलं, मूठमाती झाली, आता शपथही फिटली. पण सत्तरीला आलेल्या बाईनं उठून शेचाळीस वर्षांच्या माणसाला काय सांगायचं आणि कुठल्या शब्दांत? सकाळी सांगू म्हणायची, दुपारी राहू दे म्हणायची. दोन वर्षं अशीच गेली.

इकडं सुनीलचं वेगळंच चाललं होतं. गेणभाऊच्या वाट्याचं रस्त्याकडचं रान बायपासमध्ये गेलं होतं. त्याचा पैसा बंगल्यात आणि चारचाकीत गेला. मागं राहिला तो माळ. चांगदेवाच्या वाट्याचं रान मात्र नदीकाठचं, विहिरीचं, आणि ते सगळं एकट्या गोरखच्या नावावर. सुनीलला आईचं पोट आठवत होतं. चार वर्षांच्या पोराला आठवतं तेवढं. घोडेगावच्या वकिलानं त्याला सांगितलं होतं की चांगदेवाला मूलच नव्हतं असं ठरलं तर ते रान भावाच्या सगळ्या लेकरांत वाटलं जाईल, पण गावाच्या बोलण्याला कोर्टात किंमत नाही, कागद पाहिजे.

कागदाची वाट सुनीलच्या पोरानं दाखवली. अमृत चाकणला कंपनीत होता. त्यानं मोबाईलवर पाहून डीएनए तपासणीचा एक डबा मागवला. पुस्तकाएवढा, पांढरा. आत कापूस गुंडाळलेल्या काड्या आणि कागदी पाकिटं.

एका रविवारी सकाळी सुनीलची बायको जया सासूला मागच्या खोलीत चहा देऊन गेली. एरवी साळुबाई स्वतः उठून चुलीपाशी जायची. पाठोपाठ सुनील येऊन खाली बसला.

"आई, गोरख तुझाच ना?"

साळुबाईनं हातातली बशी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"कशाला काढतोस आता ते?"

"कशाला म्हंजे? तुझ्या जिवाला काय वाटत असंल, आमाला दिसत न्हाई व्हय? काकू गेली, दादा गेले. आता कुनाची भीती हाय? त्याला बी कळू दे, आपली आई कोन ती. तू नुसतं सांगितलंस तर त्याला पटंल न पटंल. ह्यात समदं छापून येतं."

"आजी, फक्त गालाला आतून काडी घासायची," अमृत म्हणाला. "तुझी आणि गोरखकाकांची. पंधरा दिवसांत रिपोर्ट येतो. दुखत-बिखत नाही काही."

साळुबाई खुळी नव्हती. सुनीलनं सहा महिन्यांत तिला "जेवलीस का" विचारलं नव्हतं, त्याला आज तिच्या जिवाची काळजी का लागली, हे तिला समजत होतं. नदीकाठच्या रानावरून जयाशी चाललेली त्याची कुजबुज तिच्या कानावर आली होती. पण त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं ते वाक्य, गोरखला कळू दे आपली आई कोण ती, तिला असं गोड लागलं की बाकीचं तिनं ऐकूनही ऐकलं नाही. तिनं चूळ भरली. अमृतनं सांगितल्यावर तासभर काही खाल्लं नाही. मग तोंड उघडलं.

गोरखची काडी आणायलाही तिलाच पाठवलं. "आमी मागितली तर देनार न्हाई," सुनील म्हणाला. "तुला न्हाई म्हननार न्हाई तो."

गोरख मळ्यात होता. बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, कांदा भरायचं काम चाललं होतं. बायका पाट्या ओतत होत्या आणि तो चाळीला टेकून दुभाळके, जोड आलेले कांदे बाजूला काढत होता. काकी बांधाबांधानं चालत आलेली पाहून तो उठला, तिला सावलीत बसवलं, गडव्यात पाणी दिलं.

"एवढ्या उन्हात? निरोप धाडायचा व्हता, मी आलो असतो."

साळुबाईनं पिशवीतून पाकीट काढलं. वाटेनं तिनं बरंच जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"गोरख, ह्या काडीनं तोंड आतून घास आन मला दे."

गोरखनं काडी हातात घेतली. पाकिटावरचं वाचलं. शिकलेला माणूस होता, मंचरच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली. त्याला काय ते लगेच समजलं. बायका पाट्या ओतायच्या थांबल्या तेव्हा त्यानं हातानंच त्यांना चालू द्या म्हणून खुणावलं.

"कुनासाठी पायजे हे, काकी?"

"माझ्यासाठी."

"तुमच्यासाठीच?"

"व्हय. माझ्यासाठी."

त्यानं पाठ फिरवली. चूळ भरून काडी एका गालाला घासली, दुसरी दुसऱ्या गालाला. फुंकर मारून वाळवल्या, पाकिटात घातल्या आणि तिच्या पिशवीत नीट ठेवल्या. त्याचे डोळे लाल झाले होते. कांद्यानंही झाले असतील.

निघताना तो बांधापर्यंत आला. "सावकाश जा," म्हणाला, आणि जरा अडखळून, "कडेकडेनं जा तू. रस्त्याला गाड्या लई असत्यात."

तू. साळुबाई घरी कशी पोचली तिचं तिला कळलं नाही.

ते पंधरा दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. गोरख येता-जाता अंगणात थांबायचा. एकदा मेथीची जुडी ठेवून गेला. एकदा नुसताच पायरीवर बसला, गुडघा कसा आहे विचारलं आणि उठला. त्याची बायको सुप्रिया एकदा डोकं विंचरून देऊ का म्हणाली. साळुबाईच्या मनानं घेतलं की कागद आला की आपण तो घेऊन समोरच्या दारात जायचं. वाचता येत नाही म्हणून काय झालं, तो वाचेल.

रिपोर्ट अमृतच्या मोबाईलवर आला. सगळं इंग्रजी. अमृतनं वाचून सांगितलं, "नव्व्याण्णव पॉइंट नऊ नऊ टक्के. गोरखकाका आजीचाच मुलगा."

साळुबाई म्हणाली, "मला दे तो कागद. मी देते त्याला."

"थांब जरा," सुनील म्हणाला. "छापून आनतो. मग दे."

छापून आणला, पण तो तिच्या हातात आला नाही. घोडेगावला वकिलाच्या फाईलीत गेला. ती रोज विचारायची, सुनील रोज उद्या म्हणायचा. आठव्या दिवशी पोस्टमननं समोरच्या दारात रजिस्टरचं पाकीट दिलं. साळुबाई अंगणात गहू निवडत होती. तिनं गोरखला सही करताना पाहिलं, पाकीट फोडताना पाहिलं. तिथंच उभं राहून त्यानं ते सगळं वाचलं, उलटून पुन्हा वाचलं. मग अंगण ओलांडून तो तिच्यासमोर आला.

"काकी, हे वाचून दाखवू का तुमाला?"

ती उठू गेली. गुडघ्यानं साथ दिली नाही.

"ह्यात लिवलंय, मी चांगदेवाचा मुलगा न्हाई, म्हनून नदीकडच्या रानावर माझा एकट्याचा हक्क न्हाई. खाली सुनीलची सही हाय. सोबत तो काडीचा रिपोर्ट जोडलाय. तुमी म्हनला व्हता, माझ्यासाठी पायजे."

"माझ्यासाठीच व्हतं रे."

"मग ह्यात तुमचं काय हाय? दाखवा. सबंद कागदात एक वळ दाखवा तुमच्यासाठी."

आवाज ऐकून सुनील बाहेर आला. "खोटं हाय का त्यात काय? सांग की. खोटं हाय का?"

"खोटं काय बी न्हाई," गोरख म्हणाला. त्यानं सुनीलकडं पाहिलंसुद्धा नाही. "मला बारा वर्सं झाली हे ठावं हाय. दादांनी जाताना मृत्युपत्र माझ्या हातात दिलं. समदं सवता लिवून ठेवलंय त्यांनी. मी आईपुढं कधी तोंड उघडलं न्हाई, तिला लागलं असतं. ती गेली तवा वाटलं, आता काकी बोलत्याल. दोन वर्सं वाट बघितली. बराखीत आला ना तुमी त्या दिवशी, मला वाटलं, आल्या एकदाच्या."

"गोरख, लेकरा…"

"न्हाई. ते नका म्हनू आता. तवा म्हनायला पायजे व्हतं. एक शब्द म्हनला असता तर ह्या काड्यांचं काम नव्हतं. आन सुनीलनं सरळ मागितलं असतं तर मी रान बी दिलं असतं थोडं."

तो गेला. साळुबाई सुपाकडं बघत बसली. कोंबड्या येऊन गहू खाऊ लागल्या तरी तिनं त्यांना हुसकलं नाही. पुढं कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की त्याच वेळी उठून, गुडघा घासत का होईना, त्याच्या मागं जायला हवं होतं. पण अर्ध्या वाटेवर थांबायची सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की समोरून कुणी येत नसतानाही ती थांबली.

महिन्याभरानं गोरखच्या वकिलाचं उत्तर आलं. सोबत मृत्युपत्राची नक्कल. सुनील आईला वकिलाकडं घेऊन गेला होता, कारण अंगठा तिचाही लागणार होता. वकिलानं चष्मा लावून वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"हे आधी का नाही सांगितलं? चांगदेवनं रजिस्टर मृत्युपत्र केलंय. वाटणीत आलेलं रान त्याचं स्वतःचं, ते त्यानं कुणालाही द्यावं. आणि बघा काय लिहिलंय." त्यानं मोठ्यानं वाचलं, "'गोरख हा माझा धाकटा भाऊ गेणभाऊ व भावजय साळुबाई यांच्या पोटी जन्मला असून बाराव्या दिवशी साळुबाईने तो माझ्या पत्नीच्या ओटीत घातला. त्या दिवसापासून तो माझा मुलगा आहे. माझी सर्व जमीन मी त्यास देत आहे. साळुबाईचे उपकार आमच्याकडून फिटले नाहीत.' आता तुमचा रिपोर्ट काय सांगतो? हेच ना? घरी मागवलेल्या असल्या कागदाला कोर्ट तसंही विचारत नाही."

साळुबाईला कायद्यातलं काही समजलं नाही. एवढंच समजलं की तिचं नाव, गोरखची आई म्हणून, बारा वर्षं सरकारी कचेरीत लिहिलेलं होतं. दिरानं लिहिलं होतं. आयुष्यभर तिच्याशी खाली मान घालून बोललेल्या माणसानं. "ते परत वाचा," ती वकिलाला म्हणाली. सुनीलनं तिचा दंड धरून तिला उठवलं.

वाटेनं सुनील गाडी चालवता चालवता तिच्यावर घसरला. "तुला म्हाईत व्हतं मृत्युपत्राचं. म्हाईत असनारच. मला थोरल्याला सोडून तुझं चित्त समदं त्या घरात. गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई माझी." मंचरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. जयाचा चहा त्या दिवसापासून बंद झाला.

गोरखनं नदीच्या बाजूनं नवीन फाटक काढलं. अंगणातून त्याचं जाणं-येणं संपलं. सुप्रिया समोर दिसली की मान खाली घालून आत जायची. अंगणाकडचं दार बहुतेक बंदच असायचं, म्हणून साळुबाई एकदा हिय्या करून वळसा घालून त्या नव्या वाटेनं गेली, काठी टेकत, अर्धा तास. गोरख घरात होता. सुप्रियानं पाणी दिलं, खुर्ची दिली. गोरख बाहेर आला आणि म्हणाला, "बोला काकी, काय काम काढलं?" ती म्हणाली, "काम काय न्हाई. तुला बघाया आले." "बरं," तो म्हणाला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. तिचं पाणी पिऊन होईपर्यंत तो तसाच उभा होता. गडवा ठेवल्यावर त्यानं विचारलं, "पोचवून येऊ का गाडीवर?" ती नको म्हणाली.

गेल्या दसऱ्याच्या आधी तिला ताप भरला आणि ती मोरीत पडली. सुनील नाशिकला गेला होता. जयानं नाइलाजानं गोरखला फोन केला. तो पिकअप घेऊन पाच मिनिटांत आला, तिला दोन्ही हातांवर उचललं आणि मंचरच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. सिस्टर फॉर्म घेऊन आली.

"पेशंट तुमच्या कोण?"

"चुलती."

"मग तुम्ही पुतणे. मुलगा नाही का कुणी?"

"हाय. सुनील नाव. गावाला गेलाय, सांजच्याला येईल. त्याचा नंबर लिवून घ्या."

साळुबाई डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. तिनं डोळे उघडले नाहीत. गोरखनं औषधं आणली, डॉक्टरांशी बोलला, बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिला. आत एकदाच आला, सलाईन संपत आलीय का ते बघायला. सुनील आल्यावर त्याच्या हातात फाईल दिली आणि निघून गेला. दोघा भावांत एक शब्द झाला नाही.

आशा लोणीहून भेटायला आली. तिला सगळं कळलं होतं. "चल माझ्याकडं," ती म्हणाली, "इथं कोन हाय तुझं?" साळुबाईनं उशी सरळ केली. मग म्हणाली, "दोन ल्योक हायेत की." आशा रडायला लागली तेव्हा तिनं तिला गप्प बस म्हणून सांगितलं आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.